ट्रेडमिलवर वेग कमी-जास्त करत कसं पळावं?

भरतीओहोटी
पावसाळ्यामुळे पळणं सध्या सोसायटीच्या जिममध्ये चालू आहे. ट्रेडमिलवर स्पीड ९ लावतो आणि ४५ मिनिटं तसाच ठेवतो. रस्त्यावर १० किमीला साधारण एक तास लागतो. जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन पळायची आहे.

एकाच वेगाने पळून फारशी प्रगती होत नाही असं सगळे म्हणतात, म्हणून जाणकारांना विचारतो. वेग बदलत पळायचं तर किती वाढवायचा, किती वेळ ठेवायचा आणि मधे विश्रांती किती घ्यायची? बटण दाबल्यावर मशीन हळूहळू वेग पकडतं, तो वेळ धरायचा का? विश्रांतीत पट्टा चालू ठेवून बाजूच्या कडांवर उभं राहिलं तर चालतं का? आमच्याकडे संध्याकाळी ७ ते ९ प्रत्येकाला ३० मिनिटंच मिळतात, सकाळी बंधन नाही. त्या हिशेबाने सांगितलंत तर बरं होईल.

टिटवी
आधी स्क्रीनवरच्या स्पीडचा पेस काढायची सवय लावा. ६० ला स्पीडने भागलं की किलोमीटरला किती मिनिटं ते कळतं. ८ म्हणजे ७:३०, ९ म्हणजे ६:४०, १० म्हणजे ६:००, ११ म्हणजे ५:२७ आणि १२ म्हणजे ५:००. ८ वरून ९ वर गेलं की किलोमीटरमागे ५० सेकंद वाचतात, ११ वरून १२ वर गेलं की २७ च. पण शरीराला लागणारा जादा ऑक्सिजन दोन्ही वेळा जवळजवळ तेवढाच असतो, वजनाच्या दर किलोला मिनिटाला साधारण ३.३ मिली. म्हणून ट्रेडमिलवर आखणी करताना पेसपेक्षा स्पीडच्या आकड्यात विचार करणं सोपं जातं.

१० किमीला एक तास लागतो म्हणजे तुमचे टप्पे साधारण असे येतील: हलकं पळणं ८ ते ८.५, हाफचा वेग ९.५ च्या आसपास, टेम्पो (सलग टिकवायचा जोरकस वेग) १०, दोन ते चार मिनिटांचे इंटर्व्हल (मधे विश्रांती घेत जोरात पळायचे तुकडे) १०.५ ते १०.८, आणि मिनिटभराचे तुकडे ११ ते ११.५. यात तुमचा रोजचा ९ कुठेच बसत नाही. हलक्या दिवसासाठी तो जास्त आहे आणि कठीण दिवसासाठी कमी. खरी अडचण तिथे आहे. वेग बदलायचा म्हणजे फक्त वाढवायचा असं नाही, बाकीच्या दिवशी कमीही करायचा.

चारकोप_एक्सप्रेस
टिटवींना +१.

वेग पकडायला लागणाऱ्या वेळेबद्दल. प्रत्येक मशीनचा वेळ वेगळा, त्यामुळे तुमच्या मशीनचा मोजून घ्या. पट्टा ८ वर स्थिर होऊ द्या, ११ चं बटण दाबा आणि घड्याळ लावा. स्क्रीनवर ११ दिसल्यावर थांबू नका. काही मशीनवर आकडा लगेच बदलतो आणि पट्टा मागून येतो, त्यामुळे पट्ट्याचा आवाज एकसारखा होईपर्यंत मोजा. समजा १५ सेकंद लागले, तर एक मिनिटाच्या तुकड्यात तुम्हाला ४५ सेकंदच मिळतात. पाव भाग गेला. चार मिनिटांच्या तुकड्यात तेच १५ सेकंद किरकोळ आहेत.

म्हणून ट्रेडमिलवर तुकडा दोन मिनिटांपेक्षा लहान ठेवू नये असं माझं मत. लहान ठेवायचाच असेल तर १५ सेकंद आधी बटण दाबायचं आणि वेग पूर्ण झाल्यावर मोजायला लागायचं. कमी करताना उलट. तुकडा पूर्ण झाल्यावर बटण दाबायचं, उतरायला लागणारे सेकंद विश्रांतीत जातात.

+ बटण एकेकदा दाबलं की ०.१ ने वाढतं. ८ वरून ११ ला ३० वेळा दाबायचं म्हणजे हात पुढे, मान खाली आणि पावलं कन्सोलखाली. ६, ९, १२ अशी थेट बटणं असतील तर जवळचं थेट बटण दाबून मग ०.१ ने जुळवा. १०.८ हवं असेल तर १२ दाबून खाली येऊ नका, ९ दाबून वर जा.

फेसाळ_लाट
मग ते २० सेकंद जोरात, १० सेकंद विश्रांती वालं ताबाता? आमच्या जिममध्ये ट्रेनर ट्रेडमिलवरच करून घेतात.

चारकोप_एक्सप्रेस
मोटरवाल्या ट्रेडमिलवर ते होत नाही. १० सेकंदांत पट्टा खाली येऊन परत वर जाऊच शकत नाही, त्यामुळे लोक चालत्या पट्ट्यावरून कडेला उड्या मारतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेला मूळ प्रयोग व्यायामाच्या सायकलवरचा आहे. तिथे पाय थांबवले की काम थांबतं.

फिजिओ_मुलुंड
कडांवर उभं राहण्याबद्दल: नको. पट्टा ११ वर असतो तेव्हा सेकंदाला तीन मीटर मागे जात असतो. स्थिर उभ्या माणसाने त्यावर पाय टाकला की तो पाय झपकन मागे ओढला जातो, आणि त्या क्षणी मांडीमागचा स्नायू व पोटरी दोन्ही ताणलेल्या असतात. शेवटच्या तुकड्यांत, पाय थकलेले असताना, दुखापत होते ती इथे. शिवाय दमलेल्या माणसाने एकदम थांबल्यावर पायांत रक्त साचून चक्कर येऊ शकते. विश्रांती चालत किंवा हलकं पळतच घ्या.

ती कोणत्या वेगाने, हेही पाहा. ताशी ७ किमीच्या आसपास माणूस आपोआप चालण्यातून पळण्यात जातो. नेमका तोच आकडा लावला तर धड चालता येत नाही, धड पळता येत नाही आणि नडगीवर ताण येतो. एक तर ५.५ वर चाला, नाही तर ८ वर पळा.

आणखी दोन गोष्टी. सेफ्टी की (ओढली गेली की पट्टा थांबवणारी किल्ली) ची क्लिप कपड्याला लावा. नुसती मशीनला लटकवून उपयोग नाही. आणि दांडी धरून इंटर्व्हल करू नका. शरीराचं वजन हातांवर जातं, स्क्रीन १२ दाखवते पण पायांना १२ चं काम होत नाही. दांडी धरावीशी वाटली की समजा वेग जास्त झाला, ०.३ ने कमी करा.

दादरकर
इथे थोडा असहमत आहे. चांगले वेगवान धावपटू ३० सेकंदांचे तुकडे कडेवर उभं राहूनच करतात. १६-१७ च्या स्पीडला पट्टा खाली-वर करत बसलं तर वेळ तिथेच संपतो. दोन्ही हात दांडीवर, वजन हातांवर तोलून दोन-तीन पावलं पट्ट्याबरोबर हलकी टाकायची आणि लय जुळली की हात सोडायचे. पद्धत शिकून घेतली तर धोका फार नाही.

फिजिओ_मुलुंड
दादरकर, पद्धत तुम्ही बरोबर सांगितली आहे आणि त्या वेगाला दुसरा मार्गही नाही. पण हाफ मॅरेथॉनच्या तयारीला १६ च्या स्पीडचे ३० सेकंदांचे तुकडे लागत नाहीत. धागाकर्त्यांचा सगळ्यात वरचा वेग ११.५ आहे. तिथे हा धोका पत्करून मिळणार काय?

दादरकर
हे पटलं. त्यांच्यासाठी नकोच.

यंत्रविद्या
सगळे १०.५ आणि १०.८ बोलताहेत, पण स्क्रीनवरचा १०.५ खरा आहे का? सोसायटीच्या जिममधली मशीन बसवल्यानंतर कोणी तपासत नाही. शेजारशेजारच्या दोन मशीनवर एकच आकडा वेगळा लागतो तो त्यामुळे.

तपासणं सोपं आहे. मशीन बंद करून प्लग काढा. पट्ट्याच्या कडेला खडूची खूण करा, मोजपट्टी धरून पट्टा हाताने पुढे सरकवत खूण परत येईपर्यंत लांबी मोजा. समजा ३.०० मीटर आली. आता कडेला ठळक रंगाची चिकटपट्टी लावा, मशीन १० वर चालवा, एकाला पळायला लावा आणि दुसऱ्याने मोबाइलवर पट्ट्याच्या मागच्या टोकाचा एक मिनिटाचा व्हिडिओ घ्यावा. नंतर हळू चालवून चिकटपट्टी किती वेळा दिसते ते मोजा. लांबी × फेऱ्या × ०.०६ म्हणजे खरा वेग. ३.०० मीटरच्या पट्ट्याच्या ५६ फेऱ्या झाल्या तर १०.०८, म्हणजे मशीन ठीक. ५२ झाल्या तर ९.३६, म्हणजे स्क्रीनवर १०.७ लावल्यावर तुम्हाला १० मिळतील. रिकामा पट्टा मोजू नका, माणूस पळताना वेग पडू शकतो आणि आपल्याला तोच हवा आहे.

पाऊल पडताना पट्टा क्षणभर अडकल्यासारखा वाटला तर लगेच पट्टा आवळायला जाऊ नका. आधी खालची फळी कोरडी आहे का पाहा. मशीन बंद करून पट्ट्याची कड उचला, आत बोट फिरवा. सिलिकॉन तेलाचा ओशटपणा लागला पाहिजे. कोरडी फळी असेल तर मोटरवर भार येतो, करंट वाढतो आणि वेग पडतो. सिलिकॉनच वापरा, घरातलं खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल नको. तेल असूनही घसरत असेल तर मागच्या रोलरचे दोन्ही बोल्ट पाव-पाव फेरा आवळा. पट्टा डावीकडे सरकत असेल तर फक्त डावा बोल्ट पाव फेरा आवळायचा, ५ च्या स्पीडवर मिनिटभर चालू द्यायचं आणि मग बघायचं. एकदम पूर्ण फेरा देणारे पट्टाही घालवतात आणि बेअरिंगही.

शेवंती
घरी घ्यायचा विचार आहे, तिसऱ्या मजल्यावर. वेग बदलत पळायला किती हॉर्सपॉवर लागते? आणि खालच्या काकूंना त्रास होईल का?

यंत्रविद्या
शेवंतीताई, जाहिरातीतला मोठा आकडा बहुतेक वेळा पीक, म्हणजे क्षणभरच्या हॉर्सपॉवरचा असतो. कंटिन्युअस, म्हणजे सतत मिळणारी किती ते विचारा. इंटर्व्हलसाठी कंटिन्युअस २.५ च्या खाली जाऊ नका, वजन ८० किलोच्या वर असेल तर ३ बघा. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट घ्या, एक्स्टेन्शन बोर्ड नको. वेग वाढवताना मोटर एकदम करंट ओढते आणि बारीक वायर तापते. पळण्यासाठी पट्टा निदान १३० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद हवा.

आवाजाबद्दल: त्रास आवाजापेक्षा स्लॅबच्या थरथरीचा होतो. खोलीच्या मधोमध स्लॅब सगळ्यात जास्त हलतो. मशीन भिंतीलगत, बीमच्या जवळ ठेवा आणि खाली जाड रबरी मॅट घाला. मागे मात्र दीड-दोन मीटर मोकळी जागा सोडा, मागे भिंत नको.

शेवंती
धन्यवाद. काकूंना आधी विचारून घेते.

आंबेहळद
वाचनखूण साठवली. एक शंका: इन्क्लाइन १ ठेवलाच पाहिजे का? सगळीकडे तेच सांगतात.

टिटवी
ते जोन्स आणि डाउस्ट यांच्या १९९६ च्या अभ्यासातून आलं आहे. ट्रेडमिलवर समोरून हवेचा विरोध नसतो, त्याची भरपाई १ टक्का चढाने होते असं त्यात दिसलं. पण तो अभ्यास ताशी १०.५ ते १८ किमी या वेगांचा आहे. ८-९ वर हवेचा विरोध नगण्य असतो, तिथे शून्य ठेवा. धागाकर्त्यांनी फक्त १०.५ च्या वरच्या तुकड्यांत १ ठेवला तरी चालेल आणि नाही ठेवला तरी बिघडत नाही.

इन्क्लाइनचा खरा उपयोग वेगळा आहे. वेगाऐवजी चढ बदलूनही तेवढंच काम करून घेता येतं. ढोबळ हिशेब असा की १ टक्का चढ म्हणजे वेगात साधारण साडेचार टक्के वाढ. ९ वर ३ टक्के चढ लावला तर दम सपाट १०.२ एवढा लागतो. मशीन वेग पकडायला फार वेळ घेत असेल किंवा जास्त वेगाला हलत असेल तर हा मार्ग चांगला. फक्त चढाची मोटरही हळूच चालते, तिचाही वेळ मोजून घ्या.

गिरगावकर
आणि पेडर रोडसाठी तर हवाच. निम्मी शर्यत पळून झाल्यावर तो चढ समोर येतो आणि बरेच जण तिथे चालायला लागतात. दहा दिवसांतून एकदा ८.५ वर ३ ते ४ टक्के चढ, ३ मिनिटं, मधे ३ मिनिटं सपाट, असं ५ वेळा. चढावर पाऊल आखूड टाका, कमरेतून वाकू नका.

फिजिओ_मुलुंड
गिरगावकर, बरोबर. टाच आधी दुखत असेल तर मात्र चढ २ च्या वर नेऊ नये, टाचेमागची शीर आणि पोटरी जास्त ताणली जाते. आणि साध्या ट्रेडमिलवर उतार नसतो. पेडर रोड उतरताना मांड्यांवर जो भार येतो त्याची तयारी जिममध्ये होत नाही. ती रस्त्यावरच करावी लागेल.

फेसाळ_लाट
आम्ही मैत्रिणी गाण्यावर पळतो. ध्रुवपद आलं की स्पीड वाढवायचा, कडव्याला कमी. वेळ मस्त जातो. चालेल का?

दादरकर
चालेल की! फार्टलेकचाच प्रकार आहे. १९३० च्या दशकात स्वीडनमध्ये गोस्ता होल्मर यांनी तो आणला: मनाला येईल तेव्हा वेग वाढवायचा, मनाला येईल तेव्हा कमी. फक्त ध्रुवपद २०-३० सेकंदांचं असतं, तेवढ्यात पट्टा वर पोचत नाही. अख्खं एक गाणं वेगात, पुढचं हलकं, असं करा. जिममध्ये वक्र, बिनमोटरचं मशीन असेल तर ध्रुवपदाचा खेळ त्यावर खेळा. त्याचा वेग पावलांप्रमाणे बदलतो, बटण दाबावं लागत नाही. त्यावर तोच वेग बराच जड लागतो, त्यामुळे साध्या मशीनचे आकडे तिथे लावू नका.

सागरगोटा
कोणी दमटपणाचं बोलत नाहीये. सोसायटीच्या जिममध्ये एसी बंद, खिडक्या पावसामुळे बंद आणि पळणारा जागच्या जागी. रस्त्यावर निदान आपल्या वेगाचा वारा लागतो. इथे घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही आणि तोच वेग ठेवूनही नाडी चढत जाते. समोरून थेट अंगावर पंखा लागत नसेल तर इंटर्व्हलचे आकडे ०.३ ते ०.५ ने कमी धरा. एरवी पहिले दोन तुकडे ठरल्याप्रमाणे होतात आणि चौथ्यापासून दांडी धरली जाते.

मनगटावरच्या घड्याळावरही विसंबू नका. घामाने पट्टा सरकला की ते नाडीऐवजी पावलांची लय मोजायला लागतं. अचानक १६५-१७० दाखवून तिथेच स्थिर राहिलं तर शंका घ्या. छातीचा पट्टा जास्त खात्रीचा. तसंही नाडी वेगाच्या मागून येते, एक-दोन मिनिटांच्या तुकड्यात ती वर पोचेपर्यंत तुकडा संपतो. तिथे नाडी बघू नका, वेग आणि श्वास बघा. टेम्पोत तुटक तीन-चार शब्द बोलता यावेत, इंटर्व्हलमध्ये एखादाच.

भरतीओहोटी
सगळ्यांचे आभार, एवढं तपशिलात मिळेल असं वाटलं नव्हतं. यावरून आखलेलं असं: मंगळवारी संध्याकाळी ३० मिनिटांत १२ वर १ मिनिट, ८ वर १ मिनिट, असं ८ वेळा. गुरुवारी सकाळी ४ मिनिटांचे ४ तुकडे. शनिवारी टेम्पो. रविवारी लांब पळणं. बरोबर आहे का?

टिटवी
नाही. रविवार धरून आठवड्यात चार कठीण दिवस झाले. दोनच ठेवा, मंगळवार आणि शुक्रवार. रविवारचं लांब पळणं ८ ते ८.५ वर, बाकी दिवशी ८ वर किंवा सुट्टी.

१२ पण जास्त आहे. तुमच्या १० किमीच्या वेगापेक्षा २ ने वर, तेही मिनिटभराच्या विश्रांतीवर. आठवा तुकडा होणार नाही. ३० मिनिटांत हे बसतं: २ मिनिटं ६ वर चालणं, ४ मिनिटं ८ वर, मग २ मिनिटांत वेग ९.५ पर्यंत चढवत न्या. झाली ८. पुढे १०.५ वर २ मिनिटांचे ५ तुकडे, मधे ८ वर दीड मिनिट. त्याची १६. शेवटी ५ मिनिटं ७.८ वरून ५ पर्यंत उतरत. २९ मिनिटांत संपतं आणि पट्टा पुसायला एक मिनिट उरतं. तुकडा आणि विश्रांती मशीनच्या घड्याळावर मोजा, वेग बदलण्याचे सेकंद त्यातच येऊ द्या. दोन मिनिटांत तेवढं चालतं.

४ मिनिटांचे ४ तुकडे म्हणजे नॉर्वेच्या संशोधकांची पद्धत: कमाल नाडीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर ४ मिनिटं, मधे ३ मिनिटं ७० टक्क्यांच्या आसपास. वॉर्म-अप, कूल-डाउन धरून ४० मिनिटं लागतात, त्यामुळे सकाळीच. मंगळवारच्या सेशनच्या जागी एका आड एक आठवड्याने करा.

चारकोप_एक्सप्रेस
शुक्रवारसाठी सुचवतो: ८.० वर सुरू करून दर ५ मिनिटांनी ०.३ वाढवायचं. ८.०, ८.३, ८.६, ८.९, ९.२, ९.५, ९.८. ३५ मिनिटं, मग ५ मिनिटं उतरत. शेवटची १० मिनिटं हाफच्या वेगाला किंवा त्याच्या थोडी वर होतात आणि तीही थकलेल्या पायांवर. एका वेळी ०.३ च वाढत असल्याने पट्ट्याला वेग पकडायला वेळ लागत नाही. सगळ्या सेशनपैकी ट्रेडमिलला सगळ्यात शोभणारं हेच. रस्त्यावर इतकं नेमकं जमत नाही.

यंत्रविद्या
मशीनमध्ये युजर प्रोग्रॅम असेल तर हे आधीच भरून ठेवता येतं. बऱ्याच मशीन एकूण वेळेचे १० किंवा २० समान भाग करतात. ३५ मिनिटं टाकली आणि २० भाग असले तर एक भाग पावणेदोन मिनिटांचा होतो, पाचाचा हिशेब बसत नाही. १०० मिनिटं टाका, भाग बरोबर ५ मिनिटांचा होतो. आठव्या भागात उतरता वेग भरा आणि ४० मिनिटांनी बंद करा.

आंबेहळद
१०० मिनिटांची युक्ती भारी आहे! आमच्या मशीनवर करून बघते.

भरतीओहोटी
दोनच कठीण दिवस, मान्य. शेवटचा प्रश्न: पुढच्या आठवड्यांत वाढवायचं काय? वेग, तुकडे की विश्रांती?

टिटवी
एका वेळी एकच. आधी तुकडे वाढवा, ५ चे ६, पण ते सकाळीच. मग विश्रांती दीड मिनिटावरून सव्वा. दोन्ही नीट झालं, शेवटचा तुकडा पहिल्याइतकाच सुटसुटीत गेला, की वेग ०.२ ने वाढवा आणि तुकडे परत ५ करा. दर चौथ्या आठवड्यात निम्मे तुकडे. शेवटचा तुकडा दांडी धरून झाला तर पुढच्या वेळी काहीच वाढवायचं नाही.

गिरगावकर
पाऊस थांबला की शुक्रवारचं सेशन बाहेर न्या, मरीन ड्राइव्ह सपाट आहे. मंगळवारचं जिममध्ये राहू दे. डिसेंबरपर्यंत मात्र तेही बाहेर यायला हवं, कारण रस्त्यावर वेग आपला आपल्याला धरावा लागतो. प्रियदर्शिनी पार्कच्या ४०० मीटर ट्रॅकवर १०.५ चा वेग म्हणजे एक फेरी २ मिनिटं १७ सेकंदांत. म्हणजे दोन मिनिटांच्या तुकड्याला ३५० मीटर.

भरतीओहोटी
मशीन मोजलं नाही तर हा १०.५ कुठला धरायचा! मोजपट्टी, खडू आणली आहे. उद्या सकाळी दोन्ही मशीनचा पट्टा मोजतो आणि आकडे इथे टाकतो.

यंत्रविद्या
जरूर टाका. चिकटपट्टी कापडी घ्या आणि पट्ट्याच्या अगदी कडेला लावा, पाऊल पडतं तिथे नको. मोजून झालं की काढायला विसरू नका, नाहीतर ती रोलरला जाऊन चिकटते.